शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा माईक

दत्ताकाकांची दाद अर्ध्या क्षणाने उशिरा आली, तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

नलूताई गात होत्या. समेवर आल्या आणि पुढच्या रांगेतल्या दोघांतिघांनी "वा" म्हटलं. काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "वा." आमच्या मंडळात पहिली दाद नेहमी काकांची असायची. बाकीचे त्यांच्या मागून जायचे, कारण सम कुठे आली हे निम्म्या लोकांना काकांमुळेच कळायचं. त्या रविवारी हे उलटं झालं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. माझं लक्ष गाण्याकडे कमी आणि माणसांच्या चेहऱ्यांकडे जास्त असतं. कोणाचं काही बिनसलंय का, हे मी सतत तपासत असते. सवयच आहे तशी.

कार्डिफमधल्या आमच्या गाण्याच्या मंडळाचे किस्से वायरींसारखे साठतात. कपाटात नीट गुंडाळून ठेवल्या तरी पुढच्या वेळी एक ओढली की चार अडकून बाहेर येतात. मला खरं तर फक्त माईकबद्दल सांगायचं होतं. पण तो एकटा बाहेर येईल असं दिसत नाही.

नलूताई आणि दत्ताकाका हे नवरा-बायको. सत्तरच्या दशकात इथे आलेले. त्या शाळेत गणित शिकवायच्या, काका रेल्वेच्या सिग्नल खात्यात. गाणाऱ्या म्हणून त्या ताई, आणि वयाने मोठे म्हणून ते काका. हे नातं कसं बसतं, ते आमच्यात कोणी विचारत नाही. बाकी आम्ही बहुतेक वर्क परमिटवर आलेली आयटीतली मंडळी, दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी गाणं ऐकून बटाटेवडे खाणारी.

* * *

आधी बैठक ताईंच्या फ्रंट रूममध्ये व्हायची. माणसं वाढली तशी आम्ही एका जुन्या चॅपलचा हॉल घेतला. उंच छत, लाकडी जमीन, मध्ये लाल कार्पेट. ताईंचा आवाज बारीक, कोरीव. घरात तो कोपऱ्याकोपऱ्यात जायचा. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेनंतर नुसते त्यांचे हातवारे दिसायचे.

आणि काका बसायचे शेवटच्या खुर्चीत, दाराजवळ. मी एकदा म्हटलं, काका, पुढे बसा ना. तर म्हणाले, "मागूनच गाणं नीट कळतं."

काकांच्या कानामागे एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातून मिळालेलं, ऐकण्याचं मशीन होतं. त्याबद्दल बोलायचं नाही, असं सगळ्यांनी न ठरवता ठरवलं होतं.

एका रविवारी ताई मला गाडीतून घरी सोडत होत्या. काका पेटी घेऊन हेमंतच्या गाडीतून गेले होते. हेमंत आमचा तबलजी, मूळचा नागपूरचा. सिग्नलला गाडी थांबली आणि ताई समोर बघत म्हणाल्या, "पाडव्याला गाते. मग बस."

मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि मी अशी दचकले की सीटबेल्ट गळ्याला काचला. सिग्नल हिरवा झाला होता. पुढच्या वळणापर्यंत मी विचारायचा धीर गोळा केला, का म्हणून.

"तीस वर्षं हे मला घरी जाताना गाडीतच सांगायचे, अमुक ठिकाणी तुझा निषाद उतरला. भांडायचो आम्ही. घरी पोचलो तरी गाडीतून उतरायचो नाही. आता विचारलं की म्हणतात, छान झालं." त्यांनी इंडिकेटर दिला. "मला छान नको आहे, मुक्ता."

घराशी सोडताना त्यांनी काच खाली केली. तू इलेक्ट्रॉनिक्सची ना, म्हणाल्या, काहीतरी कर. आणि यांना सांगू नकोस.

मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते. सोल्डरिंग शेवटचं केलं ते सेकंड इयरला, आणि त्यातही अंगठा भाजून घेतला होता. पण हे त्यांना सांगायच्या आत गाडी निघून गेली होती.

* * *

हेमंतला मी अर्धंच सांगितलं: मागे ऐकू जात नाही, माईक-स्पीकर घ्यायला हवेत. पुरुषमाणसाला एवढं पुरतं. पुढच्या शनिवारी आम्ही वाद्यांच्या दुकानात उभे होतो आणि हेमंत वॅटमध्ये बोलत होता.

दुकानदाराने शांतपणे विचारलं, किती माणसं, कोणती वाद्यं. मी सांगितलं, चाळीस माणसं, एक आवाज, पेटी, तबला. तो एका लहानशा स्पीकरकडे वळला. हेमंत तोवर माझ्या खांद्याएवढ्या उंच स्पीकरवर हात ठेवून उभा होता, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

"आपल्याकडे गणपतीत याहून मोठे असतात," तो मला म्हणाला. मी म्हटलं, गणपतीत बंदिश गात नाहीत रे.

शेवटी विकत न घेता ते महिन्याच्या भाड्याने आणायचे, असा समेट झाला. पहिल्याच तालमीत हेमंतने डग्ग्यावर एक घुमारा काढला आणि खिडकीच्या काचा त्याच्या लयीत थरथरल्या. ताईंचा आवाज आला खरा, पण छताला आपटून, भिंतींवर फिरून, तीन ताई एकामागून एक गात असल्यासारखा. मी दोन्ही हात कानांवर ठेवून काकांकडे पाहिलं. काका कानातलं मशीन काढून रुमालाने पुसत होते.

तालीम संपल्यावर मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आवाज आला ना मागे, म्हणून विचारलं.

"आवाज आला," काका म्हणाले. "गाणं नाही आलं."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहिलं. तोवर त्या वहीत नुसते आकडे होते. मोठं आणि स्पष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरं तर कॉलेजात शिकले होते. पण तिथे ते परीक्षेपुरतं होतं. दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या माणसासाठी त्याचा अर्थ काय, हे कोणी विचारलं नव्हतं.

* * *

मग मी इंटरनेटवर वाचायला लागले. डायल-अपचे दिवस. एक पान उघडेपर्यंत चहा व्हायचा. तिथे कोणीतरी लिहिलं होतं की नाजूक आवाजाला कंडेन्सर माईक उत्तम. अतिशय संवेदनशील, बारीकसारीक सगळं टिपतो. मला वाटलं, हा तर माझ्यासारखाच. मागवला.

त्याच्याबद्दलची तक्रारही तीच, जी माझ्याबद्दल सगळे करतात. नको ते ऐकतो.

हॉलच्या स्टेजमागे स्वयंपाकघर आणि मध्ये वाढायची खिडकी. चहाच्या वेळेला मी माईक बंद करायला विसरले. आम्ही सगळे कप घेऊन उभे, आणि स्पीकरमधून सुलभाकाकूंचा आवाज आला. त्या वडे तळत होत्या. आधी मीठ, मग हिरवी मिरची, मग स्वच्छ, सुरेख, एकेका अक्षरासकट: "नलूताईंनी आता थांबायला हवं गं. पूर्वीचं राहिलं नाही काही."

चाळीस माणसं कपात बघायला लागली. माईक बंद करायचा मिक्सर चार पावलांवर होता, पण ती चार पावलं मला टाकता येईनात. फक्त काका बशीतला वडा चवीने खात होते. त्यांनी मान वर केली, सगळे गप्प का झाले म्हणून हसून पाहिलं, आणि पुन्हा खायला लागले.

ताई उठल्या. मला वाटलं, कोट घेऊन जातात आता. त्या माईकपाशी गेल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "सुलभा, पाडव्यापर्यंत आहे मी. तोवर मीठ थोडं कमी घाल, यांना बीपी आहे."

सुलभाकाकू त्यानंतर दोन महिने तळणाच्या वेळी खुणांनी बोलत होत्या.

मला त्या रात्री झोप लागली नाही. बोलणं लागलं म्हणून नव्हे. ताईंना ते लागलं तेव्हा ज्या माणसाने त्यांच्याकडे बघायला हवं होतं, तो वडा खात होता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

* * *

कंडेन्सर परत पाठवला. आता साधा गाण्याचा माईक आणला, जवळचं ऐकणारा, लांबचं सोडून देणारा. त्याची अट एकच, तोंडापासून मूठभर अंतरावर हवा.

ताई त्याच्या हातभर लांब बसल्या.

मी माईक पुढे सरकवला, त्या मागे सरकल्या. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. असं करत सतरंजी संपली. शेवटी मी विचारलं, काही त्रास होतोय का.

त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, मघाशी हेमंतने यातच हॅलो-हॅलो केलं ना? त्याच्या आधी तो कोण मुलगा कविता वाचून गेला. "उष्टा आहे गं तो."

मी इतके दिवस माईकची माहिती वाचत होते. कुठल्याही पानावर हे लिहिलेलं नव्हतं.

माईकवरचं स्पंजचं टोपरं मी घरी नेऊन साबणाच्या पाण्यात धुतलं आणि रेडिएटरवर वाळत घातलं. ते आतून ओलंच राहिलं. पुढच्या तालमीत ताईंचा आवाज रजईतून आल्यासारखा आला. हेमंत म्हणाला, ताईंना सर्दी झालीये का. दुसऱ्या दिवशी ताईंसाठी वेगळा माईक मागवला, त्याच्या दांड्यावर पांढरी पट्टी चिकटवून 'न' लिहिलं, आणि मंडळात जाहीर केलं की तांत्रिक कारणासाठी या माईकवर दुसऱ्या कोणी बोलू नये. इंजिनिअर म्हणाली म्हटल्यावर सगळ्यांनी मान डोलावली.

* * *

मार्च लागला. पाडवा तीन आठवड्यांवर.

ताईंना गाताना तंबोऱ्याचा सूर ऐकू यावा म्हणून हेमंतने एक स्पीकर त्यांच्याकडे वळवला. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी त्यांच्या माईकसमोरच होती. तंबोरा माईकमध्ये, माईक स्पीकरमध्ये, स्पीकर पुन्हा माईकमध्ये. हे मला कळायला हवं होतं. कळलं तेव्हा हॉलमध्ये एक शिटी निघाली होती आणि ती वाढत चालली होती.

मी किंचाळून हाताला लागलेला प्लग ओढला. तो चहाच्या बॉयलरचा होता.

शिटी चालूच. सगळे कान झाकून माझ्याकडे बघतायत. ताई मात्र डोळे मिटून बसलेल्या, मान किंचित कलती. हेमंतने धावत जाऊन स्पीकर बंद केला. शांतता झाल्यावर ताईंनी डोळे उघडले.

"पंचम अगदी चोख होता," त्या म्हणाल्या. "कोणी लावला?"

सगळे हसले. मागे काका हसत नव्हते. ते मशीन काढून तळहातावर धरून बसले होते, आणि पहिल्यांदाच मला ते थकलेले दिसले. मला वाटलं, आपण या माणसाला गाणं ऐकवायला निघालो आणि महिनोन् महिने नुसता त्रास देतोय. हे सगळं परत करून टाकावं. ताईंना सांगावं, नाही जमलं.

* * *

म्हणून मंगळवारी ऑफिस सुटल्यावर हॉलवर गेले, भाड्याचे स्पीकर कधी नेऊ, ते विचारायला. हॉल सांभाळणारा ग्विन सत्तरीचा होता आणि तरुणपणी त्याच हॉलमधल्या कॉयरमध्ये गायलेला. त्याने स्पीकरांकडे पाहून न बोलता जे तोंड केलं ते मी पहिल्या दिवसापासून बघत होते. त्या दिवशी त्याने विचारलं, एवढं सगळं कशासाठी. आणि का कोण जाणे, मी त्या परक्या माणसाला सगळं सांगितलं. दाद, गाडी, काका, शेवटची खुर्ची.

तो उठून दाराजवळच्या भिंतीपाशी गेला. तिथे आमच्या मंडळाचा बॅनर होता. खिळा तिथेच होता, म्हणून आम्ही दोन वर्षं तो तिथेच लावत होतो आणि काढायलाही विसरत होतो. त्याने बॅनर उचलून धरला. खाली एक निळी पाटी होती: कानाचं चित्र, शेजारी टी हे अक्षर.

ग्विनने समजावून सांगितलं ते असं. कार्पेटखालून पूर्ण हॉलभर एक वायर फिरवलेली आहे. भिंतीतल्या सॉकेटला माईक जोडला, की आवाज त्या वायरीत जातो, आणि ज्याच्या कानाच्या मशीनवर टी असं बटण आहे, त्याने ते सरकवलं की बाहेरचं सगळं बंद आणि फक्त वायरीतला आवाज थेट कानात. मध्ये हॉल नाही, छत नाही, घुमणं नाही. शेवटच्या खुर्चीतही गाणारा जणू शेजारी बसलेला.

"पण तुम्ही लोक तर माईकच लावत नव्हता," तो म्हणाला, "आणि लावलात तो तुमच्या स्वतःच्या खोक्यांना."

तिथून मी थेट ताईंच्या घरी गेले. ताई शिकवणीला गेल्या होत्या. काका मागच्या अंगणात गुलाबाच्या फांद्या छाटत होते. मी समोर उभं राहून मोठ्याने, हळूहळू विचारलं, काका, तुमच्या मशीनवर टी आहे?

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"आहे. क्लिनिकमधल्या मुलीने सांगितलं होतं, पाटी असेल तिथे हे बटण लावा, स्वच्छ ऐकू येईल. आपल्या हॉलवर पाटी होती, पहिल्याच दिवशी पाहिली होती मी. बटण लावलं. ही गात होती." त्यांनी हातावरची माती झटकली. "काही नाही. पूर्ण शांतता. मग मी समजलो, मशीन चांगलं आहे, आपले कानच संपले. कोणाला बोललो नाही."

दोन वर्षं. बिनमाईकची बैठक म्हणजे खरी बैठक, असं आम्ही अभिमानाने म्हणत होतो, ती दोन वर्षं.

मी त्यांना वायरीचं सांगितलं, सॉकेटचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, निदान माझ्या ओठांकडे बघितलं, आणि कात्री पुन्हा उचलली. "बघू," म्हणाले. "हिला सांगू नकोस. उगाच आशा नको."

दोघांनी मला एकमेकांना सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी दोघांचंही ऐकलं.

* * *

पाडव्याचा रविवार. चाळीस माणसं, नव्या साड्या, स्वयंपाकघरात श्रीखंड. मोठे स्पीकर परत गेले होते. दोन लहान स्पीकर, एक छोटा मिक्सर, आणि 'न' लिहिलेला माईक. मिक्सरमधून एक वायर स्पीकरला आणि एक भिंतीतल्या सॉकेटला. ग्विनने स्वतः येऊन ती जोडून दिली होती. बॅनर दुसरीकडे लावला होता.

गाणं सुरू व्हायच्या आधी मी स्पीकर पूर्ण बंद केले. हॉलमध्ये आवाज असला तर काकांनी कुठून ऐकलं ते मला कळलं नसतं. फक्त वायर चालू. हेडफोन लावून मी ताईंच्या माईकवर वाकले. मला तरी माझा आवाज येत होता.

"काका, ऐकू येतंय का?"

काका दाराजवळच्या खुर्चीत, हात गुडघ्यांवर ठेवून, समोर बघत होते.

"दत्ताकाका. मुक्ता बोलतेय. ऐकू येतंय?"

काही नाही. पुढच्या रांगेतले लोक बघायला लागले, ही पोरगी ओठ हलवत काय करतेय. वायर तुटली असेल. कार्पेटखाली इतकी वर्षं उंदीरबिंदीर. किंवा त्यांनी बटणच लावलं नसेल. पुन्हा ती शांतता ऐकायची नसेल त्यांना. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा हेमंत मागून कुजबुजला, स्पीकर चालू कर ना, लोक थांबलेत.

ताईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पण त्या मशीनच्या बॅटऱ्या दर आठवड्याला त्याच बदलत होत्या. पदर सावरून त्या उठल्या, स्टेज उतरल्या, खुर्च्यांच्या मधून चालत शेवटपर्यंत गेल्या. काही न विचारता त्यांनी काकांच्या डाव्या कानामागे बोट नेलं, काहीतरी सरकवलं, आणि आल्या तशा परत येऊन बसल्या.

मग त्यांनी मला हाताने बाजूला केलं. मी हेडफोन काढून मिक्सरवर ठेवले.

ताई माईकवर वाकल्या, लोकांकडे अर्धी पाठ करून, आणि काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या. मी दोन हातांवर होते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. हॉलमध्ये कोणालाच नाही. बोलून झाल्यावर त्या सरळ बसल्या आणि समोर बघू लागल्या.

शेवटच्या खुर्चीतून काका, ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्याने, म्हणाले, "अगं, लोक आहेत ना इथे."